हेवीचा पेपर

सुलतानपूरच्या फाट्यावर संध्याकाळी उभं राहिलं की जिल्ह्याचं अर्धं चलनवलन डोळ्यांसमोरून जातं. जुना नागपूर–मुंबई रस्ता मेहकरकडून येतो आणि बिबी, दुसरबीडवरून सिंदखेडराजाकडे निघून जातो. लोणारच्या सरोवराकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. सोयाबीनच्या हंगामात तर पिकअप, आयशर आणि दहाचाकी गाड्यांची नुसती रांग असते. या गावात आणि आसपासच्या वाड्यांत शेतीला जोड म्हणून पोरं दोनच गोष्टी धरतात, भरतीचा अभ्यास किंवा स्टिअरिंग. मी शिकवणारा माणूस असल्यामुळे दोन्हीकडची पोरं माझ्या ओट्यावर येतात.

गेल्या हंगामात शेजारच्या घरातला एक पोरगा मोबाईल घेऊन ओट्यावर बसला होता. लर्निंग लायसनच्या सराव चाचणीचे प्रश्न तो मोठ्यानं वाचत होता. शेजारी त्याचा मामा होता. वीसेक वर्षं ट्रक चालवलेला, शाळा चौथीतच सुटलेला माणूस.

‘‘मामा, हे सांगा बरं. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तं आधी कोणाला जाऊ द्यायचं?’’

‘‘चढणाऱ्याला. भरली गाडी चढावर थांबली तं परत उचलत नाही, मागं येते.’’

उत्तर बरोबर. शिवाय पुस्तकात नसलेलं कारणही त्यासोबत आलं. त्रिकोणातली चिन्हं, लाल वर्तुळातली चिन्हं, निळ्या चौकटीतली चिन्हं, मामांनी एकही चुकवलं नाही. एक तिरपी रेघ म्हणजे गाडी लावायची नाही आणि फुली म्हणजे थांबायचंसुद्धा नाही, हा फरक कॉलेजात जाणारी पोरं हमखास चुकवतात. मामांनी तो झटक्यात सांगितला. मग पोरानं वाचलं, ‘‘शिकाऊ अनुज्ञप्तीची वैधता किती असते?’’ मामा गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘अनुज्ञप्ती म्हंजे काय, बा?’’ ‘‘लायसन, मामा.’’ ‘‘मंग लायसन म्हन ना! सहा महिने.’’

त्या संध्याकाळपासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. ट्रकचालकाच्या लेखी परीक्षेची तयारी म्हणजे नेमकी कशाची तयारी? ही परीक्षा काय विचारते, कोणत्या भाषेत विचारते, कोणाला विचारते आणि कोणाला विचारतच नाही? शोध घेत गेलो तेव्हा जे हाती लागलं, त्यानं मला अस्वस्थ केलं.

आधी कायद्याची वाट पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, नियम १९८९ चे. गिअरची मोटरसायकल आणि कार यांसाठी वय १८ पूर्ण हवं, व्यावसायिक म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडीसाठी २०. कलम ७ सांगतं की हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळणार नाही. म्हणजे पोरगा अठराव्या वर्षी कारचं लर्निंग काढतो, तीस दिवसांनी पक्क्यासाठी ट्रायल देतो, वर्षभर थांबतो आणि वीस पूर्ण झाली की हेवीच्या, म्हणजे जड वाहनाच्या लायसनच्या, मागे लागतो. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरांनी तपासून दिलेला ‘एक-अ’ नमुन्यातला दाखला लागतो आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. या प्रमाणपत्राला पोरं ‘पाच नंबरचा फॉर्म’ म्हणतात. मग गाडीवर ट्रायल होते आणि हेवीचं लायसन मिळतं.

यात लेखी परीक्षा कुठे आहे? ती पहिल्या पायरीवर, लर्निंगच्या वेळी. नियम ११ प्रमाणे या प्राथमिक चाचणीत चार गोष्टी तपासायच्या असतात. वाहतुकीची चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रं. प्रश्न पर्यायांचे असतात आणि साठ टक्के उत्तरं बरोबर आली की उमेदवार पास. आपल्याकडे संगणकावर पंधरा प्रश्न येतात, नऊ बरोबर आले की झालं. भाषा मराठी निवडता येते.

आता त्याच नियमाचा दुसरा पोटनियम. ज्याच्याकडे आधीच चालू लायसन आहे, त्याला ही प्राथमिक चाचणी माफ आहे. आणि हेवीचं लर्निंग मागणाऱ्या प्रत्येकाकडे कारचं लायसन असतंच, कारण कलम ७ नं तीच अट घातली आहे. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचा. अठराव्या वर्षी दुचाकी आणि कारसाठी सोडवलेले पंधरा प्रश्न हीच पुढे दहाचाकी चालवणाऱ्याची आयुष्यभराची लेखी परीक्षा. हेवीचा म्हणून वेगळा पेपर आपल्याकडे नाहीच.

तीन ॲक्सलच्या दहाचाकी ट्रकचं भरल्या गाडीचं कमाल वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झालं. दोन ॲक्सलच्या ट्रकचं १६.२ वरून १८.५ टन झालं. रस्त्यावरचं ओझं वाढलं, ते पेलणाऱ्या माणसाला विचारले जाणारे प्रश्न तेच राहिले. एअर ब्रेकची हवा किती असल्यावर गाडी हलवायची, उतारावर कोणता गिअर, एक्झॉस्ट ब्रेक कधी, माल एका अंगाला भरला तर वळणावर काय होतं, मागच्या जोडटायरांत आतलं टायर बसलं असेल तर ते कसं ओळखायचं, किती तासांनी थांबायचं. यातलं एक अक्षर त्या पंधरा प्रश्नांत यायला वाव नाही, कारण तो पेपर कारवाल्यासाठी काढलेला आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात ना? कागदावर हो. नियम ३१ मधला अभ्यासक्रम मी लक्षपूर्वक वाचला आणि खरं सांगतो, तो चांगला आहे. जड वाहन चालवण्याची तत्त्वं, गाडीची यंत्ररचना आणि किरकोळ दुरुस्ती, आगीचे धोके, देखभाल, प्रथमोपचार, एवढंच काय, चालकानं लोकांशी कसं वागावं याचाही त्यात धडा आहे. अभ्यासक्रम आहे, पण त्यावर परीक्षा नाही. ज्यावर परीक्षा नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, हे तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेला माणूस छातीठोकपणे सांगू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जणांना पाच नंबरचा फॉर्म मिळाला, पण वर्ग कुठे भरतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. स्कूलची गाडी ट्रायलच्या दिवशीच पहिल्यांदा दिसली, असंही एकानं सांगितलं. सगळ्याच स्कूल अशा नसतात. पण पोरगं शिकलं की नाही हे तपासणारा पेपर नसल्यामुळे चांगली स्कूल आणि नुसता फॉर्म देणारी स्कूल यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही, आणि जो मन लावून शिकवतो त्याचंच त्यात नुकसान होतं.

मग हेवी शिकतात कुठे? उस्तादाच्या हाताखाली. आधी क्लीनर म्हणून चढायचं. गाडी धुवायची, टायर ठोकून पाहायचं, ताडपत्री बांधायची, मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत डाल्याला हात मारायचा. वर्षा-दोन वर्षांनी उस्ताद मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात देतो. ही परंपरा मी कमी लेखत नाही. मामांना घाटाचं उत्तर त्यातूनच आलं होतं. पण उस्तादाकडून ज्ञान येतं तशा सवयीही येतात. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं हीसुद्धा उस्तादाचीच शिकवण असते, आणि ती चूक आहे असं सांगणारा कागद त्या पोराच्या हातात कधी पडत नाही.

आपल्या भागानं याची किंमत मोजली आहे. २० ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडजवळ तढेगावच्या शिवारात समृद्धी महामार्गाच्या कामावरचं लोखंड नेणारा टिप्पर उलटला. वर मजूर बसले होते. तेरा जण लोखंडाखाली गेले. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण का नाही? मोकळा माल आणि मोकळी माणसं एकाच डाल्यात असली की गाडी कलंडताना आधी माल सरकतो आणि माणसाला वेळच मिळत नाही, हे समजावून सांगणारं एक चित्र आणि एक प्रश्न त्या पेपरात असायला हवा की नको?

पुढे १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, समृद्धीवरच, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याच्या हद्दीत नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकावर आदळून उलटली आणि पेटली. पंचवीस जण गेले. त्या अपघाताच्या कारणांवर पुष्कळ बोललं गेलं आहे, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की समृद्धी हा रस्ता आमच्या चालकांना पूर्णपणे नवा होता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला १२०, ट्रकला ८०. एका बाजूला तीन लेन, चौक नाही, चहाची टपरी नाही, तासन्‌तास एकसुरी सरळ रेषा. ज्या रस्त्यावर खड्डे आणि गुरं चालकाला जागं ठेवत होती, तिथून हा माणूस एकदम अशा रस्त्यावर आला की जिथे जागं राहणं हेच मुख्य काम. अपघातांनंतर परिवहन विभागानं समुपदेशन केंद्रं काढली, नियम मोडणाऱ्याला बसवून समजावणं सुरू केलं. चांगलं केलं. पण हे शिक्षण चूक झाल्यावर देण्याऐवजी लायसनच्या आधी देता आलं असतं. किती तास सलग चालवावं याचं उत्तर आपल्या कायद्यानं १९६१ मध्येच दिलं होतं. त्या वर्षीच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. मी मामांना हे वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ‘‘सर, हे शेठला माहीत आहे का?’’ एवढंच विचारलं. पेपरात हा प्रश्न असता तर निदान चालकाला माहीत असतं, आणि माहीत असलेल्या माणसाला ‘रातोरात पोहोचव’ म्हणणं थोडं तरी जड जातं.

असलेल्या पेपरात काय आहे, तेही नीट बघायला हवं, कारण त्यात मोलाच्या गोष्टी आहेत. अपघातानंतरच्या कर्तव्याचा प्रश्न घ्या. कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळतील यासाठी चालकानं शक्य ते सगळं करायचं, आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत, पोलिसांना खबर द्यायची. पोरं या प्रश्नाचं उत्तर ‘क’ असं पाठ करतात. २०२४ च्या जानेवारीत अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यासाठी नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालक रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा मी फाट्यावर बऱ्याच जणांशी बोललो. त्यांची भीती खरी होती. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा धरतो. ते वादग्रस्त पोटकलम, कलम १०६ चं दुसरं, सरकारनं १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना बाजूला ठेवलं. पण बोलताना एक गोष्ट मला खुपली. जमावाचा धोका असेल तर तिथून निघून थेट जवळच्या ठाण्यात हजर व्हायचं आणि खबर द्यायची, ही वाट आहे, आणि ती कोणालाच स्पष्ट ठाऊक नव्हती. ‘क’ पाठ होता, त्याचा अर्थ कोणी उलगडून सांगितला नव्हता.

उलट रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्न. बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर गाडी थांबवायची आणि क्लीनरनं खाली उतरून रूळ बघून यायचं, असं कलम १३१ सांगतं. ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली किंवा तिथे फाटकं आली. आमच्या लोणार तालुक्यात तर रेल्वेच नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. तरी आमची पोरं हे उत्तर निष्ठेनं पाठ करतात. नियम वाईट नाही, त्यानं जीव वाचवले आहेत. पण त्याच जागेवर आज समृद्धीच्या लेनचा, बोगद्यातल्या बिघाडाचा किंवा पेटलेल्या गाडीतून बाहेर पडण्याचा प्रश्न जास्त कामाचा ठरेल.

भाषेबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पेपर मराठीत आहे याचा मला अभिमान आहे. पण ती मराठी फाइलमधून आली आहे. ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द सरकारी कागदाबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. चालक ज्याला ॲक्सल म्हणतो, इंडिकेटर म्हणतो, ओव्हरटेक म्हणतो, त्याला पेपरातही तेच म्हटलं तर मराठीचं काही कमी होत नाही. ते शब्द त्यानं घासून घासून आपलेच केले आहेत. मामांसारख्या माणसाला चिन्ह कळतं, रस्ता कळतो, कारण कळतं, पण प्रश्नच कळत नाही. ही त्याच्या ज्ञानाची परीक्षा झाली की वाचण्याची?

इथेच आठवीच्या अटीचा वाद येतो. ट्रान्सपोर्ट लायसनला आठवी पास असण्याची अट काही वर्षं होती. हरियाणा सरकारनं मेवात भागातल्या लोकांसाठी तिच्यात सूट मागितली, कारण तिथे कित्येक घरं ड्रायव्हिंगवर चालतात आणि शाळा मात्र लहानपणीच सुटलेली असते. केंद्रानं २०१९ मध्ये ही अट सगळ्यांसाठीच काढली. मी शिक्षक असूनही मला हा निर्णय बरोबर वाटतो. आठवीच्या दाखल्यानं घाट उतरता येत नाही, आणि त्या अटीनं खोट्या दाखल्यांचा धंदा तेवढा वाढवला. पण अट काढताना जे ठेवायला हवं होतं ते ठेवलं गेलं नाही. शाळेची अट गेली तर चालकाच्या ज्ञानाची अट यायला हवी होती. ज्याला वाचता येत नाही त्याला हेडफोन लावून, मराठीत, चित्रं दाखवून विचारा, पण विचारा. आपण दाखला काढून टाकला आणि प्रश्नही विचारला नाही.

गंमत अशी की लेखी परीक्षा घ्यायची म्हटली तर आपल्याला ती घेता येते. पोलीस भरतीत चालक शिपाई पदाला शंभर गुणांचा पेपर असतो. त्यात गणित, मराठी व्याकरण, बुद्धिमत्ता यांच्या जोडीला मोटार वाहन चालवणं आणि वाहतुकीचे नियम हा घटक असतो, आणि गाडीवरची कौशल्य चाचणी वेगळी. माझ्या ओट्यावरची पोरं त्यासाठी कायद्याची कलमं तोंडपाठ करतात. एसटीनं २०१९ च्या चालक-वाहक भरतीत लेखी परीक्षाही घेतली आणि गाडीची चाचणीही. मेहकर आगाराच्या बसवर बसायचं स्वप्न बघणारी पोरं त्यासाठी रात्री जागली. म्हणजे सरकारी गाडी चालवायची असेल तर अभ्यास हवा, आणि खासगी मालकाची तेवढीच जड गाडी त्याच रस्त्यावर चालवायची असेल तर नको?

खासगी गाड्यांत फक्त एका ठिकाणी खरंखुरं शिक्षण उरलं आहे, ते टँकरवर. अकोल्याजवळच्या गायगावच्या डेपोतून पेट्रोल-डिझेलचे टँकर सगळ्या पट्ट्यात जातात. अशा धोकादायक मालासाठी नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, अशी अट आहे. नोंदीची मुदत आता तीन वर्षं आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा एक दिवस शिकायला बसावं लागतं. बचावात्मक ड्रायव्हिंग, वाढीव कौशल्य आणि मालाची सुरक्षितता, असे तीन दिवसांचे विषय. माझ्या ओळखीतले टँकरवाले गाडी उभी करतात तीच वेगळी करतात, वाऱ्याची दिशा बघून. तीन दिवसांनी एवढा फरक पडतो. साध्या हेवीच्या लायसनची मुदत पाच वर्षांची असते, आणि नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टर तपासतो. बाकी काही नाही.

छोट्या गाड्यांचा प्रश्न तर न्यायालयानंच निकाली काढला. साडेसात हजार किलोंच्या आतली मालगाडी चालवायला कारचं लायसन पुरेसं आहे, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला दिला. गावोगावच्या पिकअपवाल्यांना त्याचा मोठा आधार झाला. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी लायसनवर बोट ठेवायची आणि मेलेल्याच्या घरची माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची. निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे साडेसात टनांच्या वरची गाडी हीच आता खऱ्या अर्थानं वेगळ्या परीक्षेची जागा उरली आहे, आणि ती जागा रिकामी आहे.

बाहेर काय चालतं याची चौकशी केली, कारण आता पोरं तेही विचारतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानंतर ट्रकसाठी वेगळं व्यावसायिक लायसन आलं. सर्वसाधारण ज्ञानाचा पेपर, एअर ब्रेक असेल तर त्याचा वेगळा, ट्रेलर असेल तर त्याचा वेगळा, आणि पास व्हायला ऐंशी टक्के. फेब्रुवारी २०२२ पासून परीक्षेआधी नोंदणीकृत संस्थेतून शिक्षण घेणंही सक्तीचं झालं. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरून एकेक भाग बोट दाखवून तपासायचा, हीसुद्धा तिथे परीक्षाच. ब्रिटनमध्ये लॉरीच्या लेखी परीक्षेत शंभर प्रश्न, पंच्याऐंशी बरोबर हवेत. शिवाय पडद्यावर रस्त्याचं चित्रण दाखवतात आणि धोका दिसला की लगेच बटण दाबायचं. युरोपात चालकाला दर पाच वर्षांनी पस्तीस तास पुन्हा वर्गात बसावं लागतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात चालकही आहेत. आमच्याकडच्या दोघा-तिघांनी मोठ्या उमेदीनं चौकशी केली. जर्मन भाषा तर आलीच, पण त्यांना खरा धक्का बसला तो तिथल्या लेखी परीक्षेचा. वीस वर्षं गाडी हाकली तरी ‘पेपर’ म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आपण त्यांना तो कधी दिलाच नाही.

परदेशासारखं सगळं इथे करा, असं मी म्हणत नाही. तिथला चालक तासांचे पैसे घेतो, आमचा फेरीचे घेतो. पण आपल्याकडेही पाया घातलेला आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. जड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तास, वर्गातलं शिक्षण आणि गाडी दोन्ही, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओची ट्रायल माफ. भोसरीला केंद्रीय रस्ता परिवहन संस्था १९६७ पासून आहे, तिथेही चालकांना शिकवतात. पण सुलतानपूरचा पोरगा भोसरीला सहा आठवडे राहणार कसा? आमचं आरटीओ कार्यालय बुलढाण्याला. मेहकर, चिखली ओलांडून तिथे जायचं म्हणजे एक मजुरी बुडते. तालुक्याला असं एक केंद्र, एक एअर ब्रेकचा कापून दाखवलेला नमुना आणि मराठीत बोलणारा एक जुना चालक, एवढ्यावर पुष्कळ काही उभं राहील.

१४ जून २०२१ पासून लर्निंगची चाचणी घरबसल्या, आधार जोडून देता येते. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावाला ही मोठी सोय आहे, बुलढाण्याची एक खेप वाचली. पण ओट्यावर बसून मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पोराच्या नावाची चाचणी दुसराच कोणीतरी देतो, शंभर-दोनशे रुपयांत. फी म्हणाल तर सरकारची दीडशे, अधिक चाचणीचे पन्नास. अभ्यास टाळायला पोरगं त्यापेक्षा जास्त मोजतं. मी अशा एकाला विचारलं, का रे, पंधरा सोपे प्रश्न आहेत? तो म्हणाला, ‘‘सर, ते सोपे आहेत म्हणूनच. त्याच्यात आपल्या कामाचं काय आहे?’’ मला त्या उत्तराचा राग आला, आणि मग पटलंही. जो पेपर माणसाच्या कामाला भिडत नाही, त्याचा मान तो राखत नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही एक वही केली आहे. सरकारी प्रश्नसंच तर सोडवायचाच, तो मोबाईलवर सारथीच्या संकेतस्थळावर आहे, फुकट आहे, आणि तो चुकवायचं काही कारण नाही. चिन्हं आधी आकारावरून लावायची. वर्तुळ म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती. त्यातही उंचीची मर्यादा, रुंदीची मर्यादा आणि ॲक्सलच्या वजनाची मर्यादा ही तीन चिन्हं कारवाला सोडून देतो, ट्रकवाल्यानं सोडायची नाहीत. ओव्हरलोडला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, हेही आकड्यासकट लिहून ठेवायचं, कारण शेठ म्हणेल ‘चालतं’, आणि चालान लायसनवाल्याच्या हातात पडेल. यानंतर वहीचा दुसरा भाग सुरू होतो, हेवीचा. त्यातले प्रश्न मामा आणि त्यांच्यासारखे दोन-तीन जण तोंडानं सांगतात, पोरगा लिहितो, आणि कायद्यात त्याचं उत्तर कुठे आहे ते मी शोधून देतो. कधी कधी मामांचं चुकतं. उतारावर न्यूट्रलच्या प्रश्नावर आमचा एक संध्याकाळभर वाद झाला. शेवटी फाट्यावरच्या गॅरेजवाल्यानं येऊन सांगितलं की इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग पोराला म्हणाले, ‘‘लिही. न्यूट्रल करायचं नाही. खाली मामाचं नाव नको लिहू.’’

परवा वहीतला तेविसावा प्रश्न लिहून झाला. चालत्या गाडीचं पुढचं टायर फुटलं तर काय करायचं? पोरानं आधीच उत्तर लिहून ठेवलं होतं, ‘ताबडतोब ब्रेक दाबावा.’ मामा जेवायला बसले होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली, ताट दोन्ही हातांनी काठाला धरलं आणि छातीसमोर उचललं. ‘‘हे बघ. गाडी वढते. तू सोडायचं नाही. दोन्ही हातानं, असं, सरळ. पाय काढून घे. रेसवरचा काढ, ब्रेकवर ठेवू नको. तिला आपल्याआप हळू होऊ दे.’’ ताटातलं वरण एका बाजूला सरकलं होतं, ते पुन्हा मध्यावर येईपर्यंत त्यांनी हात हलवले नाहीत. पोरानं आपलं उत्तर खोडलं आणि ते ताट बघत बघत नवं लिहायला घेतलं.